विष्णु सीताराम सुकथनकर

डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर (४ मे १८८७ – २१ जानेवारी १९४३) हे संस्कृतचे व्यासंगी पंडित, कोरीव लेखांचे अभ्यासक आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रधान संपादक होते. या आवृत्तीतील आदिपर्व आणि आरण्यकपर्व ही दोन मोठी पर्वे त्यांनी स्वतः संपादित केली. प्राचीन ग्रंथाचा कर्ता कोण, त्या ग्रंथातील मूळचे किती आणि मागाहून भर पडलेले किती, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. भासाच्या नावावर प्रसिद्ध झालेली नाटके आणि व्यासांच्या नावावर परंपरेने चालत आलेले महाभारत अशा दोन क्षेत्रांत त्यांनी हा प्रश्न हाताळला. हस्तलिखितांचा पुरावा जेथे संपतो तेथे संपादकाने थांबले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी दोन्ही ठिकाणी कटाक्षाने पाळले.

जन्म आणि शिक्षण

सुकथनकरांचा जन्म मुंबईत झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात काही काळ शिकल्यावर ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात त्यांनी गणिताचा अभ्यास केला. पुढे त्यांचा ओढा संस्कृत भाषाशास्त्राकडे वळला व ते जर्मनीत बर्लिन विद्यापीठात दाखल झाले. तेथे प्राध्यापक हाइनरिश ल्यूडर्स हे त्यांचे गुरू होते. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील जैन वैयाकरण शाकटायन याच्या व्याकरणाचा पहिला पाद, यक्षवर्म्याच्या टीकेसह, हा त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय होता. गणिताने लावलेली काटेकोर मोजमापाची सवय आणि जर्मन पाठचिकित्सेची शिस्त या दोन्हींचा ठसा त्यांच्या पुढील सर्व लेखनावर दिसतो.

कोरीव लेखांचा अभ्यास

भारतात परतल्यावर, पहिल्या महायुद्धाच्या काळात, त्यांनी भारतीय पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात नोकरी केली. या काळात त्यांनी अनेक ताम्रपट व शिलालेख वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. चंद्रपूर जिल्ह्यातील भांदक येथे मिळालेला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा ताम्रपट आणि आंध्रातील पोरुमामिल्ल येथील तलावाच्या बांधकामाची माहिती देणारा शके १२९१ चा शिलालेख हे त्यांपैकी महत्त्वाचे होत. ताम्रपटावर जे अक्षर कोरलेले आहे तेच वाचावयाचे आणि झिजलेल्या जागी अंदाजाने भरलेले अक्षर तसे स्पष्ट दाखवावयाचे, ही कोरीव लेखांच्या वाचनातील रीत त्यांनी पुढे पोथ्यांच्या बाबतीतही सोडली नाही.

भासाच्या नाटकांचा प्रश्न

कालिदासाने आपल्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात पूर्वसूरी म्हणून भासाचा उल्लेख केला आहे. परंतु भासाचे एकही नाटक विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उपलब्ध नव्हते. १९१२ पासून महामहोपाध्याय टी. गणपतिशास्त्री यांनी केरळात मिळालेल्या पोथ्यांवरून तेरा नाटके त्रिवेंद्रम येथून प्रसिद्ध केली आणि ती सर्व भासाची असल्याचे प्रतिपादन केले. या नाटकांच्या पोथ्यांत कर्त्याचे नाव नव्हते. त्यामुळे विद्वानांत दोन तट पडले. एका पक्षाने तेराही नाटके भासाची मानली, तर दुसऱ्या पक्षाने ती बरीच मागाहून रचली गेल्याचे ठरवले.

सुकथनकरांनी १९२० पासून अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात भासविषयक लेखमाला लिहिली. कोणत्याही पक्षाला आरंभीच न मिळता त्यांनी मोजता येण्यासारखा पुरावा गोळा केला. नाटकांतील प्राकृत भाषेची रूपे, श्लोकांची वृत्ते, एका नाटकातून दुसऱ्यात आलेली वाक्ये व कल्पना यांच्या त्यांनी याद्या केल्या. ‘चारुदत्त’ हे अपुरे नाटक आणि शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ यांची त्यांनी ओळीला ओळ लावून तुलना केली, आणि ‘चारुदत्ता’त कथेचे अधिक जुने रूप टिकून असल्याचे मत मांडले. ‘स्वप्नवासवदत्त’ नाटकाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९२५ मध्ये त्यांनी या कोड्याचे उत्तर सुचवले. तेरा नाटके एकाच हातची मानण्यास आधार नाही. ती केरळातील नटांच्या परंपरेत जतन झालेल्या, रंगभूमीच्या सोयीने काटछाट झालेल्या प्रयोगप्रती आहेत. त्यांतील ‘स्वप्नवासवदत्ता’सारख्या एखाद्या नाटकामागे भासाची मूळ कृती असण्याचा संभव बळकट आहे, इतरांविषयी तसे म्हणता येत नाही, असा त्याचा आशय होता. संपूर्ण होकार वा संपूर्ण नकार ऐकू इच्छिणाऱ्यांचे या उत्तराने समाधान होण्यासारखे नव्हते. मात्र प्रत्येक नाटकाचा विचार स्वतंत्रपणे व्हावा, ही त्यांची भूमिका पुढील अभ्यासकांना उपयोगी पडली.

महाभारताच्या आवृत्तीची पूर्वपीठिका

महाभारताच्या छापील प्रती एकोणिसाव्या शतकात उपलब्ध झाल्या. कलकत्त्याची प्रत १८३४ ते १८३९ या काळात निघाली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांच्या छापखान्यातून नीलकंठाच्या टीकेसह प्रत बाहेर पडली. पुढे कुंभकोणम् येथून दाक्षिणात्य पाठ छापला गेला. या प्रतींत श्लोकसंख्या, कथा आणि क्रम यांचे मोठे अंतर होते. मूळचा कोपरगावचा आणि सतराव्या शतकात काशीस राहिलेला टीकाकार नीलकंठ चतुर्धर याने निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमवून आपला पाठ ठरवला होता. उत्तर भारतात आणि महाराष्ट्रात हाच पाठ सर्वमान्य झाला होता. परंतु तो अनेक परंपरांची सरमिसळ करणारा होता.

१८९७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मॉरिझ विंटरनिट्झ यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची गरज मांडली. १९०८ मध्ये ल्यूडर्स यांनी अशा आवृत्तीचा छोटा नमुना छापला. पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातील योजना बारगळली. पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हे काम हाती घेतले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. ना. बा. उटगीकर यांनी तयार केलेली विराटपर्वाची प्रायोगिक प्रत १९२३ मध्ये देशोदेशीच्या विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठवण्यात आली. १९२५ मध्ये प्रधान संपादकपदाची धुरा सुकथनकरांकडे आली. गुरूने ज्या कामाचा नमुना छापला होता, ते काम अशा रीतीने शिष्याच्या हाती आले.

पाठनिश्चितीची पद्धत

सुकथनकरांनी प्रथम पोथ्यांच्या तुलनेची व्यवस्था घालून दिली. प्रत्येक श्लोकासाठी स्वतंत्र कागद घेऊन त्यावर चौकोन आखले जात. रूढ पाठातील एकेक अक्षर एकेका चौकोनात लिहून, त्याखाली प्रत्येक पोथीतील फरक त्या त्या अक्षराच्या घरात नोंदवला जाई. हे काम शिकवून तयार केलेले शास्त्री आणि पदवीधर करीत. पोथ्यांची तुलना पुण्याखेरीज शांतिनिकेतन येथील विश्वभारतीत आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही चाले. आदिपर्वाच्या सुमारे २३५ ज्ञात हस्तलिखितांपैकी ६० हस्तलिखिते पाठनिश्चितीसाठी निवडण्यात आली. त्यांत काश्मीरच्या शारदा लिपीतील भूर्जपत्रावरची पोथी, तसेच मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मलयाळम या लिप्यांतील पोथ्या होत्या.

या पोथ्यांचे उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील असे दोन मुख्य संप्रदाय पडतात. परस्परांशी संबंध नसलेल्या दूरच्या प्रांतांतील पोथ्या ज्या पाठावर एकमत दाखवतात तो पाठ जुना, हे सुकथनकरांचे मुख्य सूत्र होते. काश्मिरी पोथ्यांचा पाठ सर्वांत आटोपशीर असून तो दूरच्या मलयाळम पोथ्यांशी अनेक ठिकाणी जुळतो, असे त्यांना आढळले. जेथे पाठाविषयी संशय उरतो तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली जाई. मूळ संहितेतून वगळलेला एकही श्लोक टाकून दिला जात नसे. तो तळटीपेत वा परिशिष्टात, कोणकोणत्या पोथ्यांत मिळतो याच्या नोंदीसह छापला जाई. त्यामुळे संपादकाचा निर्णय ज्याला मान्य नसेल, त्याला आपला निर्णय करण्याची सामग्री त्याच पानावर उपलब्ध होते.

आदिपर्वाची संहिता

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये आणि संपूर्ण पर्व १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला जोडलेली विस्तृत प्रस्तावना भारतीय पाठचिकित्सेचा पायाभूत ग्रंथ मानली जाते.

या आवृत्तीत सर्वसामान्य वाचकाला धक्का देणारे काही निर्णय होते. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहून घ्यावे, ही महाभारताच्या लेखनाची सर्वश्रुत कथा मूळ संहितेत ठेवलेली नाही. ती परिशिष्टात आहे. दक्षिणेकडील पोथ्यांत ती नसल्याचे विंटरनिट्झ यांनी १८९८ मध्येच दाखवले होते. जुन्या पोथ्यांच्या साक्षीने सुकथनकरांनी तो निष्कर्ष कायम केला. महाराष्ट्रात प्रत्येक ग्रंथारंभी गणेशाला वंदन करण्याची परंपरा असताना पुण्यात बसून घेतलेला हा निर्णय सोपा नव्हता. द्रौपदीने स्वयंवराच्या वेळी कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारल्याचा प्रसिद्ध उद्गारही त्यांना थोड्याच पोथ्यांत मिळाला, म्हणून तो तळटीपेत गेला.

याच्या उलट, स्वतःच्या तर्काला न पटणारा मजकूरही त्यांनी राखला. आदिपर्वाला दोन आरंभ आहेत. सूतपुत्र उग्रश्रवा नैमिषारण्यात शौनकाच्या सत्राला येतो, हे वर्णन पहिल्या अध्यायात आहे आणि पौलोमपर्वाच्या आरंभी पुन्हा आहे. दोन निरनिराळे आरंभ कोणीतरी एकत्र ठेवले, हे उघड दिसते. परंतु दोन्ही आरंभ सर्व संप्रदायांच्या पोथ्यांत असल्याने त्यांतील एकही काढण्याचा अधिकार संपादकाला नाही, असे त्यांनी मानले. आपली संहिता ही व्यासांची मूळ रचना असल्याचा दावा त्यांनी कधीही केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जेवढे मागे जाता येते तेवढे जुने रूप, एवढाच त्यांचा दावा होता.

आक्षेप आणि नेपाळची पोथी

फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी १९२९ मध्ये, मूळ पाठ शोधण्याऐवजी नीलकंठाचा पाठ जसाच्या तसा छापून त्याखाली पाठभेद द्यावेत, असे सुचवले. जर्मन अभ्यासक वॉल्टर रूबेन यांनीही पद्धतीविषयी शंका घेतल्या. सुकथनकरांनी या आक्षेपांना सविस्तर उत्तरे दिली. नीलकंठाचा पाठ हाही एका व्यक्तीने, आपल्या निवडीने, बऱ्याच उशिरा सिद्ध केलेला पाठ आहे. तो रूढ झाला एवढ्यानेच प्रमाण ठरत नाही, हा त्यांच्या उत्तराचा गाभा होता.

त्यांच्या पद्धतीची खरी कसोटी आदिपर्व छापून झाल्यावर लागली. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज यांच्याकडून आदिपर्वाची एक जुनी नेपाळी पोथी उपलब्ध झाली. ती संपादनाच्या वेळी हाताशी नव्हती. सुकथनकरांनी तिचा परिचय १९३८–३९ मध्ये प्रसिद्ध केला. प्रक्षिप्त म्हणून वगळलेले अनेक उतारे या पोथीतही नव्हते. पुराव्यावरून काढलेल्या अनुमानाला नंतर हाती आलेल्या स्वतंत्र पुराव्याने पुष्टी दिल्याचे हे उदाहरण पाठचिकित्सेच्या अभ्यासात आजही दिले जाते.

भृगुकुल आणि भारतकथा

महाभारताचे कर्तृत्व या प्रश्नावरील सुकथनकरांचा सर्वांत चर्चित निबंध १९३६ मध्ये भांडारकर संस्थेच्या नियतकालिकातून आला. परंपरेनुसार महाभारत व्यासांनी रचले, वैशंपायनाने जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितले आणि उग्रश्रव्याने नैमिषारण्यात शौनकाला ऐकवले. उपाख्याने वगळून चोवीस हजार श्लोकांचे ‘भारत’ होते, असे ग्रंथातच नमूद आहे. या भारताचे लक्ष श्लोकांचे महाभारत कसे झाले, याचा शोध सुकथनकरांनी भृगुवंशाच्या कथांच्या साहाय्याने घेतला.

च्यवन, और्व, रुरू, उत्तंक, जमदग्नी आणि परशुराम या भार्गवांच्या कथा महाभारतात जागोजागी येतात. कौरव-पांडवांच्या युद्धाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नाही. परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केल्याचा उल्लेख अनेकदा येतो. भीष्म, द्रोण आणि कर्ण या तिघांनाही परशुरामाचे शिष्यत्व दिलेले आहे. पौलोमपर्वात भारतकथेच्या आधी भृगुवंशाची कथा येते आणि कथा ऐकणारा शौनक स्वतः भार्गव आहे. हे सर्व उतारे पर्वानुक्रमाने मांडून सुकथनकरांनी अनुमान काढले, की सूतांच्या मुखी असलेली वीरकथा एका टप्प्यावर भार्गवांच्या हाती गेली आणि त्यांच्या प्रभावाखाली तिच्यात धर्म व नीती यांचे विवेचन आणि भार्गव आख्याने यांची भर पडून ती महाभारत झाली.

या निबंधातील निष्कर्ष त्यांनी संहितेत उतरवले नाहीत, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. भार्गवकथा सर्व पोथ्यांत असल्याने त्या चिकित्सक आवृत्तीत कायम आहेत. ग्रंथाच्या पूर्वेतिहासाविषयीचे अनुमान एका बाजूस आणि पोथ्यांनी सिद्ध होणारा पाठ दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी त्यांनी केली.

या मताचा पुढील संशोधनावर मोठा परिणाम झाला. ना. ज. शेंडे यांनी महाभारताच्या कर्तृत्वावरील आपल्या १९४३ च्या लेखात हाच धागा पुढे नेला. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट गोल्डमन यांनी भार्गवकथांचा स्वतंत्र अभ्यास केला. ॲल्फ हिल्टेबाइटल यांच्यासारख्या काही अभ्यासकांनी मात्र भार्गवांच्या हाती ग्रंथ गेल्याची कल्पना अमान्य केली आहे.

आरण्यकपर्व आणि रामोपाख्यान

आरण्यकपर्वाचे संपादन सुकथनकरांनी १९४२ मध्ये पूर्ण केले. या पर्वातील रामोपाख्यान वाल्मीकिरामायणाहून जुने की नवे, हा वाद बराच काळ चालू होता. दोन्हींतील शब्दसाम्याची स्थळे शोधून रामोपाख्यान हे रामायणावरून केलेले संक्षिप्त रूप आहे, असे त्यांनी १९४१ मध्ये दाखवले. याच काळात उद्योगपर्व सुशीलकुमार दे आणि विराटपर्व रघुवीर यांच्याकडे सोपवून त्यांनी कामाची विभागणी केली होती.

अखेरची व्याख्याने आणि निधन

जानेवारी १९४३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्याने योजली होती. ग्रंथाचे थर वेगळे करून त्यातील मूळ वीरकाव्य शोधू पाहणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांवर त्यांनी या व्याख्यानांत कठोर टीका केली. लौकिक कथा, नीती आणि अध्यात्म अशा तीन पातळ्यांवर महाभारत हा एकसंध ग्रंथ म्हणून वाचला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अक्षर अन् अक्षर पारखून प्रक्षेप बाजूला काढणाऱ्या संपादकाने ग्रंथाच्या एकात्मतेचा पुरस्कार करावा, याचे काहींना नवल वाटले. तथापि, पोथीतील पाठ ठरवणे आणि ग्रंथाचा अर्थ लावणे ही त्यांच्या दृष्टीने दोन वेगळी कामे होती. चौथे व्याख्यान होण्यापूर्वीच २१ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ही व्याख्याने १९५७ मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

कार्याचा वारसा

सुकथनकरांचे लेख प. कृ. गोडे यांनी संपादित करून दोन स्मारकखंडांत १९४४ व १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. प्रधान संपादकपद श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्य यांनी सांभाळले. सुकथनकरांनी आखलेल्या नियमांनुसारच काम पुढे चालले. अमेरिकन पंडित फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलेल्या सभापर्वात, वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा पोथ्यांच्या साक्षीवरून तळटीपेत गेला. एकूण १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध झालेली ही आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या हस्ते तिचे प्रकाशन झाले.

मराठी वाचकांपर्यंत या आवृत्तीचा परिणाम मुख्यतः इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ या ग्रंथातून पोहोचला. महाभारतातील व्यक्तींचा विचार करताना त्यांनी या संहितेचा आधार घेतला होता. व्यासांनी नेमके किती लिहिले, या प्रश्नाचे उत्तर चिकित्सक आवृत्ती देत नाही. मात्र एखादा श्लोक महाभारतातला आहे असे कोणी म्हटले, तर तो कोणत्या पोथीत, कोणत्या लिपीत आणि कोणत्या प्रांतात आढळतो, हे आज कोणत्याही विद्यार्थ्याला तिच्यातून पडताळून पाहता येते.